गोफण, दादर आणि गोल्फचा चेंडू

अमळनेरजवळ बोरीच्या काठाला आमच्या तात्यांचं शेत आहे. पौषात तिथे दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी असते. दाणा भरत आला की पाखरांची झुंबड उडते आणि तात्या दिवस उगवायलाच गोफण घेऊन माळ्यावर चढतात. शेजारच्या तुकड्यातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या तोवर उपटून झालेल्या असतात. त्या मोकळ्या रानात काथ्याचं पायपुसणं अंथरून मी गोल्फचे चेंडू मारतो. पुण्यातल्या नोकरीत लागलेलं हे व्यसन. गाव सोडलं तेव्हा गोल्फ ठाऊक नव्हता, गावी परतलो तेव्हा गोल्फ सुटेना. आमच्याकडे गोल्फ म्हटलं की लोकांना नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आठवतं, आणि तिथे तर क्रिकेट चालतं. त्यामुळे मी नेमकं काय करतो हे गावाला समजावणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

पहिल्या वर्षी तात्यांनी माझे चाळीसेक चेंडू माळ्यावरून मुकाट्याने पाहिले. मग खाली वाकून विचारलं, "एकच जागे कितला मारशी रे भो? पाखरं काय एकच जागे बसतस का?"

मला राग आला, कारण ते चाळीस चेंडू चांगले चालले होते. एकच सात नंबरची आयर्न, म्हणजे मधल्या अंतराची लोखंडी काठी, समोर एकच बाभूळ, आणि शेवटचे दहा-बारा तर बाभळीच्या आसपासच पडलेले. सराव म्हणतात तो हाच, असं मला वाटत होतं. पण पुढच्या रविवारी पुण्याच्या गोल्फ कोर्सवर गेलो, तर तीच काठी हातात परकी वाटायला लागली.

तात्यांच्या प्रश्नावर मानसशास्त्रात रीतसर काम झालेलं आहे. १९७९ साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी काही जणांना हाताच्या तीन हालचाली शिकवल्या. ठरलेल्या क्रमाने लाकडी फळ्या पाडायच्या, एवढंच काम. एका गटाने पहिली हालचाल पक्की केली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाला तिन्ही हालचाली सरमिसळ करून दिल्या. सराव चालू असताना पहिला गट स्पष्ट पुढे होता. दहा दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा मात्र पारडं फिरलं आणि सरमिसळवाले सरस ठरले. त्याच्या आदल्याच वर्षी रॉबर्ट कर आणि बर्नार्ड बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना कापडी पिशव्या नेमावर फेकायला लावल्या होत्या. काही मुलांनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर झाली. जिंकली ती दोन आणि चार फूटवाली मुलं, ज्यांनी तीन फुटांवरून सराव केलाच नव्हता!

असं का होतं? एकच फटका लागोपाठ मारताना मेंदूला नवं काही ठरवावंच लागत नाही. मागच्या फटक्याची आखणी अजून ताजी असते, तीच थोडी इकडेतिकडे करून वापरली जाते. मधे दुसरी काठी, दुसरं अंतर आलं की ती आखणी पुसली जाते आणि पुढच्या वेळी मुळापासून मांडावी लागते. हे मांडणंच शिकणं आहे. कोर्सवर तर प्रत्येक फटका नव्याने मांडावा लागतो. तिथे कोणी तुम्हाला त्याच जागेवरून चाळीस संधी देत नाही. माळ्यावरच्या राखणदाराचं तसंच आहे. थवा आता पूर्वेच्या बांधावर उतरतो, मग मधल्या ओळीत, मग थेट विहिरीकडे. तात्यांनी आयुष्यात एकच फेक दोनदा केलेली नसेल, आणि त्यांचा नेम गावाला ठाऊक आहे.

तेव्हापासून मी तीन काठ्या घेऊन उभा राहतो. लांब फटक्याचा ड्रायव्हर, मग जवळच्या उंच फटक्याची वेज, मग सात नंबर. दर वेळी नवं झाड. पहिले काही दिवस फार वाईट गेले, हे आधीच सांगून ठेवतो. या पद्धतीत सरावाच्या दिवशी आपण वाईटच दिसतो आणि तिथेच बहुतेक जण माघार घेतात. ज्याने काठी कालच हातात घेतली आहे, त्याने मात्र सुरुवातीला एकच फटका घोटायला हरकत नाही. पकडच बसलेली नसताना सरमिसळ कशाची करणार?

तात्यांचा दुसरा सल्ला मी मागून घेतलेला नव्हता. माझ्या डोक्यात तेव्हा डावा कोपर ताठ, उजवा खांदा खाली, डोकं स्थिर अशी मोठी यादी फिरत असायची. ते पाहून तात्या म्हणाले, "हातकडे नको दखू. जठे दगड फेकाना शे, तठे दख."

१९९९ मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी अगदी नवख्या लोकांना गोल्फचा छोटा पिच फटका शिकवला. निम्म्यांना सांगितलं, हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या. निम्म्यांना सांगितलं, काठीच्या झोक्याकडे लक्ष द्या. दुसरा गट सरावातही आणि नंतरच्या परीक्षेतही अचूक ठरला. पुढे असेच निष्कर्ष इतर कितीतरी खेळांत निघाले. लक्ष शरीराबाहेर, म्हणजे काठीच्या टोकावर किंवा चेंडू जायचा त्या जागेवर असेल, तर स्नायू आपापसांत ठरवून घेतात. आत डोकावलं की त्यांचा गोंधळ होतो. वेळेचा हिशेबही हेच सांगतो. काठी वरून खाली येण्याला पाव सेकंदाच्या आसपास लागतो आणि डोळ्यांनी पाहून हात हलवायलाच सुमारे पाव सेकंद जातो. चेंडू आणि काठीचा स्पर्श तर सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग टिकतो. मधेच कोपराची आठवण झाली तरी ती उपयोगी पडायला वेळच उरत नाही.

आता गोफणीच्या यंत्रशास्त्राकडे येतो. मला स्वतःला सगळ्यात गंमत इथे वाटते.

गोफणीत दोन भाग फिरतात. खांद्याभोवती हात आणि मनगटाभोवती दोरी. हात फार वेगाने फिरत नाही, दगड फिरतो. गोल्फचा स्विंगही असाच दोन सांध्यांचा लंबक आहे. खांदे आणि हात हा पहिला भाग, काठी दुसरा, आणि मधला सांधा मनगटाचा. १९६०च्या दशकात ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने याचं गणित नीट मांडलं. गोफणीची दोरी लवचीक असते आणि काठी ताठ, हा फरक मोठा आहे. पण ऊर्जेचा प्रवास सारखाच. खाली येताना सुरुवातीला मनगट वळलेलंच राहतं, काठी अंगाजवळ असते. मग फिरण्याच्या जोरानेच काठीचं टोक बाहेर फेकलं जातं, मनगट आपोआप उघडतं आणि त्याच वेळी हात मंदावतात. हातांनी गमावलेला वेग काठीच्या टोकाला मिळतो. हौशी माणूस नेमकी इथे चूक करतो. जोर लावायच्या उत्साहात तो मनगट वरच उघडून टाकतो. टोकाचा सगळा वेग चेंडूच्या दोन हात आधीच खर्च होतो, मग चेंडूपाशी फक्त धडपड उरते. तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, गोफणीच्या दोरीचं मोकळं टोक घाईने सोडलं तर दगड आपल्याच दादरीत पडतो.

वेग कमावला तरी दिशेचं काय? उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूचं ठरलेलं दुखणं म्हणजे स्लाइस: चेंडू सरळ निघाल्यासारखा दिसतो आणि उजवीकडे वळत वळत रानात जातो. पूर्वी शिकवायचे की चेंडू काठीच्या मार्गाने निघतो आणि मग काठीच्या तोंडाकडे, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू जिकडे असेल तिकडे, वळतो. या शतकात रडारने फटके मोजायला सुरुवात झाली आणि हे जवळजवळ उलटं निघालं. चेंडू निघतो तो मुख्यत्वे काठीच्या तोंडाच्या दिशेने. त्या दिशेतला तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा तोंडाचा असतो. वळण येतं ते तोंड आणि मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. आता स्लाइसवाला काय करतो पाहा. चेंडू उजवीकडे जातो म्हणून तो आणखी डावीकडे रोख धरून उभा राहतो. काठीचा मार्ग आणखी डावीकडे जातो, फरक वाढतो, वळणही वाढतं. औषधानेच रोग वाढवण्याचा प्रकार. इलाज बहुधा पकडीत असतो. डावा हात जरा उजवीकडे फिरवून दांड्यावर ठेवला, वरून पाहताना त्याची दोन-तीन बोटांची हाडं दिसली, की तोंड उघडं राहायचं प्रमाण कमी होतं.

आणि चूक किती छोटी असते! तोंड १ अंश चुकलं, तर २०० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो. चार फुटी लावणीच्या कपाशीच्या तीन ओळी समजा.

वळणामागचं कारण म्हणजे चेंडूचं फिरणं. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात यावर लिहिलं. चेंडू मागच्या बाजूला फिरत उडतो, त्यामुळे हवा त्याला वर उचलून धरते, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा मुलगा फ्रेडी ब्रिटिश हौशी स्पर्धा १८९६ आणि १८९८ अशी दोनदा जिंकला, म्हणजे घरातच प्रयोगशाळा होती. ड्रायव्हरने मारलेला चेंडू मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतो. या फिरण्याचा अक्ष आडवा असेल तर चेंडू सरळ तरंगतो. अक्ष कलला की उचलणारा जोरही कलतो आणि चेंडू त्या बाजूला वळतो. चेंडूवरचे खळगेही शोभेचे नाहीत. त्यांच्यामुळे हवा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि मागे ओढणारा भोवरा बारीक होतो. गुळगुळीत चेंडू निम्म्या अंतरातच खाली येईल. खेळाडूंना हे आधी अनुभवाने कळलं होतं: जुन्या गटापर्चाच्या (झाडाच्या चिकाच्या) चेंडूंवर ओरखडे पडले की ते जास्त लांब जायचे.

वेळ थोडा असेल तर तो कुठे घालवावा? जुने जाणते सांगतात, डाव ग्रीनवर, म्हणजे होलाच्या खड्ड्याभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, जिंकला जातो. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फटक्यांची आकडेवारी तपासली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूंमधल्या गुणांच्या फरकातला सुमारे दोन-तृतीयांश हिस्सा १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांत असतो. म्हणून मी आता वही ठेवतो. हरवलेला चेंडू, चेंडूच्या डोक्यावर बसलेला फटका, तीनदा पट करावा (चेंडू होलाकडे हळूच ढकलावा) लागलेली ग्रीन, सगळं टिपून ठेवतो. आपली गळती कुठे आहे ते वहीतून दिसतं. आठवण मात्र लबाड असते, तिला चुकलेला छोटा पट तेवढा लक्षात राहतो. तसे व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात, हे कळल्यापासून माझी चिडचिड बरीच कमी झाली आहे.

तरी पटिंगचं एक गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. होल १०८ मिलिमीटर रुंद आणि चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा. चेंडू होलात पडायला तो वरून ओलांडून जाईपर्यंत निदान आपल्या त्रिज्येएवढा, म्हणजे २१ मिलिमीटर, खाली यायला हवा. तेवढं पडायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. यावरून हिशेब मांडला तर होलाच्या बरोबर मधून जाणाऱ्या चेंडूचा वेग सेकंदाला १.३ मीटरच्या आसपास असेल तोवर तो सरळ आत जातो. चेंडू मध्यापासून जसजसा बाजूला सरकेल तसतसा त्याला कमी लांबीचा रस्ता मिळतो, म्हणून वेगही कमी लागतो. थोडक्यात, जोरात मारलेल्या पटसाठी होल लहान होतो आणि हळू पोचणाऱ्यासाठी पूर्ण १०८ मिलिमीटर उघडा राहतो. म्हणून मी अंगणात दिशेपेक्षा वेगाचाच सराव करतो. डब्याचं सपाट झाकण ठेवायचं आणि चेंडू त्याच्या वीतभर पुढे जाऊन थांबला पाहिजे. एकदा सारवलेल्या जमिनीवर, एकदा सतरंजीवर, कधी फरशीवर. झाकणाची जागा दर वेळी बदलायची, हे आता सांगायला नको.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा सकाळी आठच्या आत आटोपावं आणि पाणी जवळ ठेवावं. थंडीतल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा त्या दुपारची हवा साधारण एक-दशांशाने विरळ असते. चेंडूला अडथळा कमी होतो, जमीनही टणक, आणि फटका काही मीटर लांब पडतो. वैशाखात नवा ड्रायव्हर घेऊन त्याचं कौतुक करणारे मला माहीत आहेत. त्यातला एक मीच.

काळ्या जमिनीला तोवर भेगा पडलेल्या असतात आणि त्यातल्या कित्येक चेंडू गिळण्याएवढ्या रुंद असतात. मृगाचा पाऊस पडला की माती फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून मेअखेरीला मी काठीला आकडा बांधून भेगाभेगांतून हिंडतो. गेल्या वर्षी राहिलेले चार चेंडू नांगरटीत वर आले. तात्यांनी ते धुऊन माळ्याच्या खांबापाशी ठेवले होते. म्हणाले, गोफणीले चालतीन का दखू. त्यांनी एक फेकलाही. तो विहिरीपलीकडे, दादरीच्याही पार जाऊन पडला आणि अजून सापडलेला नाही.