आर्मीवरचं आरमार: कोल्ट १८६० की १८६१?

कोल्ट या अमेरिकन कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यावर, शिडाची जहाजं कोरलेली दिसली, की लोक विक्रीच्या यादीत मॉडेलचं नाव ‘नेव्ही’ लिहून मोकळे होतात. तिथेच फसतात. ती जहाजं टेक्सास आणि मेक्सिकोच्या आरमारांची, लढाई १६ मे १८४३ ची. पण हेच चित्र कोल्टने १८६१ च्या नेव्हीवर उमटवलं, तसंच १८६० च्या आर्मीवरही. या नावांचा अर्थही संग्राहकांपुरता एवढाच: आर्मी म्हणजे .४४, नेव्ही म्हणजे .३६ (गोळीचं माप, इंचात).

दोन्हींची नळी गोल, खालचा ठासणीचा दांडाही सारखाच. फोटोत तर जुळी भावंडंच. आर्मीची नळी सहसा ८ इंच, नेव्हीची साडेसात. पण सुरुवातीच्या काही आर्मीही साडेसात इंची निघाल्या, त्यामुळे नुसत्या टेपवर विसंबू नका.

मी आधी सिलिंडर बाजूने बघतो. आर्मीचा सिलिंडर मागे बारीक, पुढे जाड, मध्ये स्पष्ट पायरी. कोल्टला सांगाडा नेव्हीच्याच मापाचा ठेवायचा होता आणि त्यात .४४ ची गोळी बसवायची होती. म्हणून सिलिंडरचा पुढचा भाग तेवढा फुगवला आणि त्याला जागा द्यायला खालचा सांगाडा पायरीने कापला. नेव्हीचा सिलिंडर सरळसोट, सांगाडाही सपाट. सिलिंडर बदललेला असू शकतो, सांगाड्यावरची कापणी मात्र लपत नाही.

मूठही बोलते. आर्मीची लांब, बहुतेकदा पाठीची पट्टी लोखंडी आणि चापाचं कडं पितळी. नेव्हीची आखूड, पट्टी आणि कडं दोन्ही पितळी, वर चांदीचा मुलामा. दीडशे वर्षांत हात लागून तो बहुधा उडून गेलेला असतो.

वर्णन लिहिताना बंदुकीचा कोरलेला क्रमांक नळी, सांगाडा, कडं, पट्टी आणि सिलिंडर असा प्रत्येक ठिकाणचा वेगळा वाचा. चार जुळले आणि सिलिंडर परका निघाला, तर तसंच लिहा; ‘सर्व मूळ’ हे शब्द मला तरी यादीत सर्वांत स्वस्त वाटतात. ‘मुलामा चांगला’ म्हणण्यापेक्षा ‘चांदी फक्त कड्याच्या आतल्या कोपऱ्यात, नखाएवढी, पट्टीवर उघडं पितळ’ असं लिहिलेलं वाचून गिऱ्हाईक निदान भिंग तरी बाहेर काढतं.