टाकीची सावली किती युनिट खाते?

पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. आता साताऱ्यातल्या कॉलन्या आणि सोसायट्याही गच्च्यांवर सौर पॅनेल बसवायला ‘आपण मिळून करू’ म्हणत हिशोब मांडायला बसतात. तो हिशोब असा: एक किलोवॅटला १०० चौरस फूट, म्हणजे ५,००० चौरस फुटांच्या गच्च्यांवर ५० किलोवॅट. किलोवॅटमागे रोज सरासरी चार युनिट धरले की झाले २०० युनिट! चार युनिटांचा आकडा आपल्या भागासाठी ठीक आहे. गडबड गच्चीच्या आकड्यात आहे, कारण गच्चीवर टाकी असते, जिन्याची खोली असते, शेजारच्यांचा नारळ असतो आणि या सगळ्यांची सावली असते.

सावलीनं पॅनेलचा दहावा भाग झाकला तर वीज दहा टक्के घटेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. पॅनेलमधली प्रत्येक सिलिकॉन सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देते, म्हणून अनेक सेल एकापुढे एक जोडतात. अशा जोडणीत सगळ्यांमधून एकच प्रवाह वाहतो. स्लॅब टाकताना घमेली पुढे देणाऱ्यांची रांग आठवा. एक गडी ढिला पडला की वरच्या मिस्त्रीपर्यंत माल त्याच्याच वेगानं पोचतो. सेलचं तर आणखी वाईट. सावलीतली सेल वीज देणं सोडून उलट खायला लागते, बाकीच्या सेलची शक्ती तिच्यात उष्णता होऊन जिरते आणि ती जागा करपू शकते.

म्हणून पॅनेलमागच्या डबीत बायपास डायोड, म्हणजे प्रवाहाला पर्यायी वाट देणारे छोटे भाग, बसवतात: बहुधा तीन, सेलच्या प्रत्येक गटाला एक. अडलेला गट सोडून प्रवाह डायोडमधून पुढे जातो. पॅनेल वाचतं, पण एका सेलपायी अख्ख्या गटाची, म्हणजे एक तृतीयांश पॅनेलची, वीज बुडते. हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा भाग समांतर जोडलेले असतात. असं पॅनेल उभं लावलं आणि खालच्या कडेवर सावली आली, तर वरचा अर्धा भाग चालू राहतो. तेच आडवं लावलं तर लांब कडेवरच्या सावलीनं एकच गट जातो. त्यातून गट गळाला की व्होल्टेज उतरतं आणि पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरला जास्तीत जास्त शक्तीचा बिंदू, म्हणजे सर्वाधिक वीज मिळते ते व्होल्टेज, नव्यानं शोधावा लागतो. थोडक्यात, सावली कुठून सरकत येते हे पाहूनच पॅनेलची दिशा ठरवायची.

सावली किती लांब पडते? सातारा १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य जेमतेम ४९ अंशांवर चढतो, तर सकाळी साडेनऊला ३० अंशांवर असतो. जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून चार मीटर उंच असेल, तर दुपारी तिची सावली साडेतीन मीटर पडते आणि साडेनऊला तब्बल सात मीटर. पॅनेल दोन मीटर उंच सांगाड्यावर चढवली तर त्यांच्यावरची ही सावली निम्मी होते, खर्च मात्र वाढतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांना हिवाळ्यात डोंगरही सकाळ-संध्याकाळ ऊन अडवू शकतो, कारण तो शहराच्या दक्षिणेला आहे.

आता वास्तुशास्त्र. त्याचा आग्रह असा की गच्चीवरची टाकी नैऋत्येलाच हवी. हिवाळ्यात दुपारनंतर सूर्य नेमका नैऋत्येला असतो, त्यामुळे तिथल्या टाकीची सावली गच्चीभर तिरकी पसरते. टाकी उत्तरेच्या कडेला असेल तर सावली बहुतेक गच्चीबाहेर पडते. मे ते जुलै सूर्य थोडा उत्तरेकडून जातो खरा, पण तेव्हा भर दुपारी सावली फारशी नसतेच. घराची भरभराट कोणत्या दिशेनं होते ते माहीत नाही, विजेचं बिल कोणत्या दिशेनं वाढतं ते मात्र मोजता येतं.

समूहानं करायचं काम खडूचं आहे. डिसेंबरात प्रत्येक गच्चीवर सकाळी साडेनऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीनला सावलीच्या कडा आखायच्या. तिन्ही वेळी उन्हात राहिलेली जागाच किलोवॅटच्या हिशोबात धरायची. ज्याच्या गच्चीवर काहीच उरत नाही त्यानं शेजारच्या मोकळ्या गच्चीवरच्या संचात पैसे घालावेत का, त्याची वीज त्याच्या बिलात वळती होईल का, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावं.