जप्त गाडी सहा महिन्यांनी सरकारजमा होते का?

‘पोलीस ठाण्यात सहा महिने पडलेली गाडी सरकारची’ हे मुंबईत छातीठोकपणे सांगितलं जातं आणि घाबरून लोक दलालाला भंगाराच्या भावात गाडी देतात. असं करू नका! ती सहा महिन्यांची मुदत, मालकाचा पत्ताच लागत नसेल तेव्हा ‘हक्क असेल त्याने पुढे यावं’ म्हणून कोर्ट काढतं त्या जाहीर सूचनेची आहे. आरसी तुमच्या नावावर असेल, तर नुसत्या जप्तीने मालकी जात नाही. गुन्ह्यातली गाडी कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) मागता येते. पंचनामा, फोटो, बंधपत्र घेऊन ती लवकर सोडावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलंय. मात्र खटला संपेपर्यंत ती न विकण्याची अट सहसा असते. आणि दलालाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे आरटीओचे फॉर्म) सही मुळीच नको: आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्याच गळ्यात पडू शकते.