नेत्रश्रम

नेत्रश्रम : जवळचे काम काही काळ केल्यावर डोळे जड होणे, चुरचुरणे, भुवयांच्या वर किंवा डोळ्यांच्या मागे ठणकणे, अक्षरे मधूनच पुसट होणे किंवा एकमेकांत मिसळणे, उजेड न सोसणे आणि काम थांबवल्यावर हे सारे हळूहळू ओसरणे, या लक्षणसमूहास नेत्रश्रम म्हणतात. बोलीत यालाच ‘डोळे शिणणे’ म्हणतात. नेत्रताण हाही शब्द रूढ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याची गणना व्यक्तिनिष्ठ दृष्टिविकारांत केलेली आहे. म्हणजे रुग्णाला जे जाणवते त्यावरच तो ठरतो. तपासणीत डोळा पुष्कळदा निरोगी दिसतो. थोडा विसावा घेतल्यावर जाणारा शीण कोणालाही येतो. विश्रांतीने न हटणारा, किंवा चष्मा घेऊनही महिनोन्‌महिने टिकणारा नेत्रश्रम हा येथे मुख्य विषय आहे.

संज्ञा व इतिहास : पाश्चात्त्य वैद्यकातील ‘अ‍ॅस्थेनोपिआ’ ही संज्ञा ‘बल नसलेली दृष्टी’ अशा अर्थाच्या ग्रीक घटकांपासून बनली आहे. ती ग्लासगो येथील नेत्रवैद्य विल्यम मॅकेंझी यांनी १८४३ मध्ये रूढ केली, असे सामान्यतः मानतात. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पेत्रकँ यांनी ‘कोपिओपिआ’ (थकलेली दृष्टी) हे नाव सुचवले होते, आणि त्याआधीच्या लॅटिन ग्रंथांत ‘हेबेट्यूडो व्हिझुस’ (दृष्टीचा बोथटपणा) असा उल्लेख येतो. तेव्हा संज्ञा मॅकेंझींची असली, तरी विकाराचे वर्णन त्यांच्याही आधीचे आहे, हे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. या तिन्ही नावांत डोळा मुळातच दुबळा आहे अशी कल्पना गृहीत होती आणि तिचा उपचारांवर वाईट परिणाम झाला. दोष जालपटलाचा (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्याचा) असावा आणि पुढे आंधळेपण येईल, अशी भीती असे. रुग्णाला शिवणकाम किंवा वाचन कायमचे सोडायला सांगत. बहिर्गोल भिंगांचा चष्मा डोळे आणखी बिघडवील म्हणून टाळत. काहींनी तर डोळ्यांचे स्नायू कापण्याची शस्त्रक्रियाही करून पाहिली.

हे चित्र बदलले ते उट्रेख्टचे फ्रान्स कॉर्नेलिस दोंडर्स यांच्यामुळे. त्यांच्या प्रणमन (डोळ्यात प्रकाशकिरण वळणे) व समायोजन (जवळचे पाहण्यासाठी नेत्रभिंगाने आकार बदलणे) यांतील दोषांवरील ग्रंथाचे इंग्रजी रूप १८६४ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले. नेत्रश्रमाच्या बहुसंख्य रुग्णांत डोळा दुर्बळ नसून दूरदृष्टिता (अधिक नंबर; जवळचे पाहण्यास जादा समायोजन लागणे) असते आणि योग्य बहिर्गोल भिंगाने त्रास थांबतो, हे त्यांनी दाखवले. याच काळात बर्लिनचे आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे यांनी डोळे नाकाकडे वळवणाऱ्या स्नायूंच्या अपुरेपणातून येणारा दुसरा प्रकार वेगळा काढला. समायोजनजन्य आणि स्नायुजन्य हे त्या वेळचे द्विभाजन आजही पुष्कळसे टिकून आहे.

यानंतर काही दशके उलटे टोक गाठले गेले. अमेरिकेत सायलस वियर मिचेल यांनी डोकेदुखी व दृष्टिदोष यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले, ते रास्तच होते. परंतु न्यूयॉर्कचे जॉर्ज स्टीव्हन्स अपस्माराचे मूळही डोळ्यांच्या स्नायूंत शोधू लागले, तर फिलाडेल्फियाचे जॉर्ज गूल्ड यांनी १९०३ पासून डार्विन, कार्लाइल, हक्स्ली अशा अनेकांच्या आयुष्यभराच्या प्रकृतिअस्वास्थ्याला नेत्रश्रमच कारण ठरवला. हे दावे टिकले नाहीत. त्यांची प्रतिक्रिया म्हणून नेत्रश्रमाच्या तक्रारीलाच ‘मानसिक’ म्हणून बाजूला सारण्याची वृत्ती आली. ती आजही अधूनमधून दिसते आणि रुग्णावर अन्याय करते.

प्राचीन भारतीय ग्रंथांत या विकाराचे स्वतंत्र नाव आढळत नाही. मात्र सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांच्या कारणांत ‘सूक्ष्मनिरीक्षण’ आणि ‘दूरेक्षण’ ही दोन्ही कारणे स्पष्ट दिलेली आहेत. जोडीला झोपेची उलटापालट, धूर, अतिशय रडणे हीही. या संहितेचा काळ वादग्रस्त आहे. भारतविद्यातज्ञ हॉर्न्ले यांनी तो इ. स. पू. सहाव्या शतकाइतका मागे नेला होता. ग्रंथ अनेक थरांचा असून उत्तरतंत्र हा नंतरचा भाग असावा, हे मत आता अधिक ग्राह्य समजतात. त्यातील ७६ नेत्ररोगांपैकी शुष्काक्षिपाकाचे वर्णन आजच्या शुष्कनेत्र विकाराशी जुळवतात. ते बरेचसे जुळते, पण दोन्ही एकच असे धरून चालणे योग्य नाही. याउलट, साधारणतः पंधराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या हठयोगप्रदीपिकेत सूक्ष्म लक्ष्याकडे अश्रू येईपर्यंत एकटक पाहण्याचा, म्हणजे त्राटकाचा, नेत्ररोगनाशक म्हणून गौरव आहे. वैद्यकाने कारण मानलेली क्रिया योगग्रंथाने उपाय म्हणून सांगावी, या विसंगतीची चर्चा फारशी झालेली दिसत नाही.

शरीरक्रिया : जवळची वस्तू स्पष्ट दिसण्यासाठी नेत्रभिंग फुगीर व्हावे लागते. भिंगाचाच आकार बदलतो हे टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये दाखवले. त्यामागची यंत्रणा हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडली : भिंगाभोवतीचा रोमक स्नायू आकुंचन पावला की भिंगाला धरून ठेवणारे तंतू सैल होतात आणि भिंग आपल्या लवचीकपणाने फुगते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या मतालाच आव्हान देण्यात आले, तथापि प्रत्यक्ष प्रतिमांकनाचा पुरावा मुख्यतः हेल्महोल्ट्झ यांच्या बाजूचा आहे.

समायोजनाचे मोजमाप डायॉप्टरमध्ये, म्हणजे चष्म्याच्या नंबराच्याच एककात, करतात. ३३ सेंमी.वरील अक्षर वाचण्यास सदोष नसलेल्या डोळ्याला ३ डायॉप्टर लागतात, ४० सेंमी.ला २·५. एखाद्याची सरासरी क्षमता काढण्यासाठी हॉफस्टेटर यांचे सूत्र वापरतात : १८·५ मधून वयाच्या ०·३ पट वजा करावे. क्षमतेच्या निम्म्याहून अधिक सतत खर्च झाली तर शीण येतो, असा एक व्यावहारिक ठोकताळा आहे. समजा, एकाला ३ डायॉप्टरची दूरदृष्टिता आहे आणि चष्मा नाही. त्याला वाचताना ३ अधिक ३, म्हणजे ६ डायॉप्टर लागतील. पंधराव्या वर्षी त्याची क्षमता १४ असते. निम्मी ७, म्हणून काही जाणवत नाही. पंचविसाव्या वर्षी क्षमता ११ वर येते, निम्मी ५·५, आणि तेथे त्रास सुरू होतो. शाळेत कधी डोळे न दुखलेल्या मुलाला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसल्यावर अचानक डोकेदुखी का लागते, याचे उत्तर अनेकदा या साध्या वजाबाकीत असते. त्याला दूरचे उत्तम दिसत असल्याने चष्म्याची शंका कोणालाच येत नाही.

रोमक स्नायू ‘थकतो’ असे सर्रास म्हटले जाते, पण याविषयी सावध राहणे बरे. हा अनैच्छिक स्नायू आहे आणि तासन्‌तास काम केल्यावरही समायोजनाची कमाल क्षमता फारशी घटत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायूंचा थकवा मोजणाऱ्या एर्गोग्राफच्या धर्तीवर जे नेत्रप्रयोग झाले, त्यांत समायोजनापेक्षा अभिसरण, म्हणजे दोन्ही डोळे आत वळवणे, लवकर ढासळते असे दिसले होते. वेदना चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या त्रिमूल तंत्रिकेच्या नेत्रशाखेतून जाते आणि म्हणून ती कपाळावर जाणवते, इतपत मान्य आहे. स्नायूच्या श्रमापासून वेदनेपर्यंतचा पूर्ण दुवा जुळलेला नाही.

प्रकार व कारणे : २००३ मध्ये शीडी व सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना निरनिराळ्या प्रकारे मुद्दाम शिणवून लक्षणे नोंदवली. त्यांचे दोन गट पडले. तिरीप, बारीक अक्षरे, वर पाहणे, पापण्या ताणून धरणे यांनी जळजळ व कोरडेपणा आला आणि तो डोळ्याच्या पुढच्या भागात जाणवला. अतिजवळ पाहणे व समायोजनावर जबरदस्ती यांनी ठणका व डोकेदुखी आली आणि ती डोळ्याच्या मागे जाणवली. पहिला बाह्य व दुसरा आंतर नेत्रश्रम. दीर्घकालीन नेत्रश्रमाच्या उपचारांत हा भेद सर्वांत उपयोगी आहे, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. रुग्णाला ‘नेमके कोठे दुखते, बोटाने दाखवा’ असे विचारण्याची साधी पद्धत म्हणूनच मोलाची ठरते.

आंतर प्रकारात न दुरुस्त झालेली दूरदृष्टिता, अबिंदुकता (सर्व दिशांच्या रेषा सारख्या स्पष्ट न दिसणे), दोन डोळ्यांच्या नंबरांतील फरक, सुरू होणारी चाळिशी, अभिसरणाचा अपुरेपणा, सुप्त तिरळेपणा आणि समायोजनाचे पेटके (रोमक स्नायू आकुंचितच राहणे) हे दोष येतात. चाळिशी उष्ण प्रदेशांत थोडी लवकर लागते, असे अनेक निरीक्षकांनी नोंदवले आहे. कारण उष्णता, प्रखर ऊन की पोषण, यावर एकमत नाही. काही ॲलर्जीविरोधी व मनोविकारांवरील औषधांनीही समायोजन मंदावते. चष्माच सदोष असणे हे फार दुर्लक्षित कारण आहे. भिंगाचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर नसेल तर भिंग लोलकासारखे वागते : ४ डायॉप्टरचे भिंग ५ मिमी. सरकलेले असल्यास २ लोलक-डायॉप्टर (लोलकाने प्रकाश वळवण्याचे एकक) इतका परिणाम होतो. हा परिणाम उभ्या दिशेत आणि एकाच डोळ्यात झाला, तर डोळ्यांना तो सहसा पेलत नाही.

बाह्य प्रकाराचे मुख्य कारण अश्रुपटल (डोळ्यावरील अश्रूंचा पातळ थर) विस्कटणे हे आहे. १९९३ मध्ये जपानमधील त्सुबोता व नाकामोरी यांनी दर मिनिटाच्या पापण्यांच्या उघडझापा मोजल्या : निवांत असताना सरासरी २२, पुस्तक वाचताना १०, संगणकाच्या पडद्यासमोर ७. शिवाय पुस्तक खाली धरले जाते, पडदा समोर असतो, म्हणून डोळा अधिक उघडा राहतो व बाष्पीभवन वाढते. पापण्यांच्या कडेवरील मायबोमी ग्रंथी तुंबल्या असतील, वातानुकूलकाचा झोत किंवा छताचा पंखा थेट तोंडावर असेल, तर त्यात भर पडते.

तपासणी : केवळ संगणकीय यंत्राने काढलेला नंबर येथे अपुरा पडतो. तरुणांत समायोजन दूरदृष्टितेला झाकून टाकते, किंवा पेटक्यामुळे नसलेली निकटदृष्टिता (उणे नंबर) दाखवते. अशा वेळी सायक्लोपेंटोलेटसारखे थेंब घालून रोमक स्नायू सैल केल्यावरच खरा नंबर कळतो. त्याशिवाय दिलेल्या, गरजेपेक्षा जास्त उणे नंबराच्या चष्म्याने त्रास वाढतो. अभिसरणाचा निकटबिंदू, सुप्त तिरळेपणा, अश्रुपटल फाटण्याचा काळ आणि जुन्या चष्म्यातील मध्यांचे अंतर हेही पाहावे लागते.

उपचार : पूर्ण व अचूक प्रणमन-दुरुस्ती ही पहिली पायरी होय. आसामातील चहामळ्यांत चाळिशीच्या पुढील कामगारांना जवळच्या नंबराचे चष्मे दिल्यावर त्यांची पानखुडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. हा अभ्यास नेत्रश्रमाचा नव्हता, पण साध्या भिंगाचे मोल त्यातून कळते.

अभिसरणाच्या अपुरेपणावर पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा घरगुती व्यायाम सर्वत्र सांगितला जातो. २००८ च्या अमेरिकी बहुकेंद्री चाचणीत, ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांत, १२ आठवड्यांनंतर चिकित्सालयात प्रशिक्षकासमोर व्यायाम करणाऱ्यांपैकी ७३ टक्के बरी झाली किंवा सुधारली. पेन्सिल-व्यायामाच्या गटात हे प्रमाण ४३ टक्के व भासमात्र (तुलनेसाठी केलेल्या दिखाऊ) उपचारात ३५ टक्के होते. मुलांबाबत हा निष्कर्ष भक्कम आहे. प्रौढांसाठी पुरावा विरळ आहे.

‘चष्मा सोडा’ म्हणणारी बेट्स पद्धती भारतात आर. एस. अग्रवाल यांनी पाँडिचेरीहून लोकप्रिय केली. तिच्यातील तळव्यांनी डोळे झाकण्याने विसावा मिळतो, हे खरे. पण बाहेरचे स्नायू डोळ्याचा आकार बदलून समायोजन घडवतात, हे तिचे गृहीतक शरीरक्रियेच्या विरुद्ध आहे, आणि तिच्यापायी दूरदृष्टितेच्या मुलाचा चष्मा काढणे हानिकारक आहे.

बाह्य प्रकारात पापण्यांना शेक, परिरक्षकविरहित (टिकवण्यासाठी रसायन न घातलेले) कृत्रिम अश्रू आणि पूर्ण उघडझाप यांचा उपयोग होतो. पडदा ५० ते ७० सेंमी. अंतरावर व त्याचा वरचा काठ नजरेच्या किंचित खाली असावा. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे ६ मीटर दूर पाहण्याचा नियम कॅलिफोर्नियाचे जेफ्री अ‍ॅन्शेल यांनी सुचवला. तो निरुपद्रवी आहे, पण २० सेकंदच का, याला प्रयोगाचा आधार अपुरा आहे. विरामाची सवय महत्त्वाची, आकडा नव्हे. निळा प्रकाश गाळणाऱ्या भिंगांबाबत कॉक्रन या संस्थेच्या २०२३ च्या समीक्षेत १७ चाचण्या तपासल्या गेल्या. अल्प मुदतीत या भिंगांनी नेत्रश्रम बहुधा कमी होत नाही असे दिसले. चष्म्याच्या दुकानात त्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही.

काजळ व सुरमा यांत शिसे असू शकते. मध किंवा गुलाबपाणी घालण्याने जंतुसंसर्गाची भीती राहते. त्याहून गंभीर बाब म्हणजे औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेले स्टेरॉइडयुक्त थेंब. त्यांनी लाली व जळजळ तात्काळ शमते, म्हणून रुग्ण ते महिनोन्‌महिने घालत राहतो, आणि नेत्रदाब वाढून काचबिंदूने नजर जाऊ शकते. रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब बंद केल्यावर लाली अधिकच वाढते.

नेत्रश्रमाने डोळ्याच्या रचनेस कायमची इजा होते, असा पुरावा नाही. मात्र दिव्याभोवती रंगीत वलये दिसून डोळा लाल होणे व उलटी होणे, एकाएकी दोन-दोन दिसणे, दिवस सरता पापणी खाली येणे, किंवा पन्नाशीनंतर कानशिलात नव्याने दुखून चावताना जबडा भरून येणे, ही लक्षणे नेत्रश्रमाची नव्हेत. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ञाकडे जावे.