एका ई-मेलपासून ‘ऑन होल्ड’पर्यंत : ठाण्यातल्या गुंतवणूक सल्लागारांच्या ऑफिसकामाची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या गुंतवणूक सल्लागारांच्या ऑफिसांत एसआयपीची आठवण, भांडवली नफ्याचे विवरण, मुदत संपत आलेल्या मॅन्डेटची (हप्ता कापण्यासाठी बँकेला दिलेल्या परवानगीची) यादी हे सगळे आता सॉफ्टवेअर काढून देते. (कायद्याने यांतले बहुतेक म्युच्युअल फंडांचे ‘वितरक’, २०२०च्या नियमांनंतर नोंदणीशिवाय सल्लागार म्हणवून घेता येत नाही. इथे गिऱ्हाइकांच्या तोंडचा शब्द ठेवला आहे.) केवायसी, म्हणजे गुंतवणूकदाराच्या ओळखीची पडताळणी, मात्र या यंत्राच्या हाती अजून पुरती आलेली नाही. त्याचे कारण तंत्रात कमी आणि २००७नंतरच्या नियमांत जास्त सापडते.

त्याआधीचा काळ पिशवीचा. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे घरोघर फिरून गोळा करणाऱ्या महिला एजंट, विम्याचे हप्ते भरून पावती आणून देणारे एजंट, १९६४च्या युनिट योजनेचे फॉर्म. १९९३मध्ये खासगी म्युच्युअल फंड आले. वागळे इस्टेटमधले कारखाने बंद पडू लागले, तसा स्वेच्छानिवृत्तीचा पैसाही या फॉर्मांकडे वळला. प्रत्येक घराची एक फाइल असे आणि दुपारी तीनच्या आत फॉर्मवर वेळेचा शिक्का पडावा म्हणून धावपळ.

ऑफिसात सॉफ्टवेअर शिरले ते हौसेने नव्हे. १ ऑगस्ट २००९पासून नियामकाने, म्हणजे सेबीने, एन्ट्री लोड बंद केला. तोवर इक्विटी योजनेत लाखामागे सव्वादोन हजार रुपयांपर्यंत सुरुवातीलाच कापले जात आणि त्यातून सल्लागाराचे कमिशन निघे. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण एक-दोन मदतनीस ठेवून चालणाऱ्या ऑफिसांचा हिशेब त्याने मोडला. उरले ते वर्षभर थेंबथेंब येणारे ट्रेल कमिशन, आणि तेवढ्यात भागवायचे तर नोंदी करणारा माणूस ठेवणे परवडेना. रजिस्ट्रारकडून (फंडांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेकडून) ई-मेलने येणारी ‘मेलबॅक’ फाइल उचलायची, सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, की सगळ्या फोलिओंचा, म्हणजे फंडांतल्या खात्यांचा, हिशेब तयार, ही सवय याच सुमारास लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस शेअर बाजारांनीही म्युच्युअल फंडांच्या व्यवहारांसाठी आपले प्लॅटफॉर्म उघडले.

याच काळात एक सोपी युक्ती रूढ झाली. क्लायंटच्या फॉर्मवर ऑफिसचाच ई-मेल घालायचा, कधी मोबाइल नंबरही. नौपाड्यातल्या सत्तरीच्या आजींना ई-मेल कुठला? सगळी स्टेटमेंट एका इनबॉक्समध्ये आली की लावून ठेवायला सोपी, शिवाय क्लायंटला त्रास नाही. सल्लागारांनी स्वतः केलेले पहिले ऑटोमेशन बहुधा हेच. यात लबाडी नव्हती, पण चूक होती, आणि ती मान्य करायला हवी : क्लायंटच्या खात्यात काय घडले हे क्लायंटआधी दुसऱ्याला कळत होते.

आता ‘केवायसी’. ‘माझी केवायसी झालीय’ असे क्लायंट म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा बँकेतल्या केवायसीबद्दल बोलत असतो. फंडांची गोष्ट वेगळी. २००७मध्ये पॅन हीच ओळख ठरली. २००८पासून पन्नास हजार आणि त्यावरच्या गुंतवणुकीला केवायसी आली, २०११पासून सरसकट सगळ्यांना. २०१२मध्ये ती नोंद ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्था आल्या आणि जुन्या नोंदी अपुऱ्या ठरल्या. समक्ष पडताळणी करावी लागली. २०१६मध्ये बँक, विमा, फंड सगळ्यांसाठी केंद्रीय नोंदवही सुरू झाली, तिचा चौदा आकडी क्रमांक निराळा. परदेशी कर-रहिवासाचे घोषणापत्र हा आणखी वेगळा कागद, पण बोलताना लोक त्यालाही केवायसीतच धरतात. मध्ये आधारच्या ओटीपीवर घरबसल्या केवायसी होऊ लागली होती, तीही एका फंड घराण्यात (फंड चालवणाऱ्या कंपनीत) वर्षाला पन्नास हजारांच्या मर्यादेत. सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती वाट काही काळ बंद झाली. एका शब्दाखाली इतके थर असतील, तर सॉफ्टवेअरने ‘झाली’ हा एकच रकाना भरायचा कसा?

या थरांचा खरा भार एप्रिल २०२४मध्ये जाणवला. नोंदींची तीन गटांत विभागणी झाली. ‘व्हॅलिडेटेड’ला कुठेही गुंतवणुकीची मुभा. ‘रजिस्टर्ड’ला आहे त्या फंड घराण्यात व्यवहार चालू, नव्या घराण्यासाठी केवायसी पुन्हा. ‘ऑन होल्ड’ला पैसे टाकणेही नाही आणि काढणेही नाही. होल्डवर कोण गेले? ज्यांनी विजेचे बिल, टेलिफोनचे बिल किंवा बँकेचे स्टेटमेंट पत्त्याचा पुरावा म्हणून दिले होते ते. शिवाय ज्यांचा मोबाइल किंवा ई-मेल पडताळला गेला नव्हता तेही. ज्या वर्षी तो कागद दिला, त्या वर्षी तो नियमात बसत होता. ओळखीची खातरजमा कडक हवी, हा नियामकाचा मुद्दा रास्त आहे. मनी लाँडरिंगविरोधी नियमांच्या अधिकृत कागदपत्रांच्या यादीत ती बिले बसत नव्हती. पण स्वतःचेच पैसे काढणेही अडावे, हे जुन्या, वयस्कर गुंतवणूकदारांवर अन्यायाचे होते. मे महिन्यात नियम काहीसे सैल झाले, पॅन-आधार जोडणीची अट ‘रजिस्टर्ड’साठी काढली गेली, यावरूनही हे दिसते.

त्याआधी, १ जुलै २०२२पासून, गुंतवणूकदारांचे पैसे मध्यस्थाच्या खात्यात गोळा करण्यावर बंदी आली आणि ऑनलाइन पैसे काढायला गुंतवणूकदाराची ओटीपीसह दुहेरी पडताळणी लागू लागली. १ एप्रिल २०२३पासून ती पैसे गुंतवतानाही आली. ओटीपी जातो तो नोंदवलेल्या नंबरावर किंवा ई-मेलवर. म्हणजे ऑफिसचा इनबॉक्स जिथे जिथे घातला होता, तिथे तिथे तो बदलून क्लायंटचा स्वतःचा, निदान घरातल्या जवळच्या माणसाचा, नाते जाहीर करून घालावा लागला.

त्यामुळे कामाची वाटणी आता अशी झाली आहे. दर महिन्याला सॉफ्टवेअर पॅनवार केवायसीची स्थिती तपासते, होल्डवरची नावे वेगळी काढते, त्यांना केवायसीची लिंक पाठवते. लिंक न उघडलेली पाच-दहा नावे उरतात, आणि त्यांच्यासाठी कोणीतरी आधारची प्रत आणि फॉर्म घेऊन वर्तकनगरला किंवा घोडबंदर रोडच्या सोळाव्या मजल्यावर जाते. आधारची ती प्रत पूर्वीसारखी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची का, हा प्रश्न २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यापासून ऑफिसांपुढे आहे. बरीच ऑफिसे अजून तशीच मागवतात.