कोयता, सतरावे वर्ष आणि किमान शिक्षेची रेघ

पुण्यातल्या कोयताहल्ल्याच्या बातमीचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते : आरोपींपैकी दोघे विधिसंघर्षग्रस्त बालके (म्हणजे गुन्ह्यात सापडलेली अठरा वर्षांखालची मुले) असून त्यांना बाल न्याय मंडळापुढे हजर करण्यात आले. बातमी तिथे संपते. पुढे पोरगा वस्तीत पुन्हा दिसला की खापर येरवड्यातल्या मंडळावर फुटते. मंडळाचे निर्णय चुकतही असतील, पण त्यापुढचे बहुतेक दरवाजे कायद्याने आधीच बंद केलेले असतात, आणि ते एका दिवसात बंद झालेले नाहीत.

इंग्रजी अमलात अल्पवयीन गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी वेत मारण्याची सोय होती. १८६४च्या फटक्यांच्या कायद्यात तशी तरतूद होती आणि शाळेत मास्तर मारतात तसे हलक्या वेताने मारावे, असा दंडक होता. स्वतंत्र भारताने फटक्यांची शिक्षा रद्द केली ती थेट १९५५मध्ये. दुसरी वाट सुधारशाळेची. १८९७च्या सुधारशाळा कायद्यानुसार १५ वर्षांखालील मुलाला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षे तिथे ठेवता येई. आज अशा मुलांसाठीच्या विशेष गृहात ठेवण्याची कमाल मुदत ३ वर्षे आहे. म्हणजे साहेबाची किमान मुदत ती आपली कमाल.

मुलांसाठी वेगळे न्यायालय हवे, हा आग्रह १९१९-२०च्या तुरुंग समितीने धरला. मद्रासने १९२०मध्ये, बंगालने १९२२मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४मध्ये बालक कायदा केला. पुणे मुंबई इलाख्यातच. पुढे १९४८चा मुंबई बालक कायदा आला आणि १९८६मध्ये देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी १८ वर्षांपर्यंत अल्पवयीन धरली जाई. म्हणजे १९९९मध्ये सतरा वर्षांच्या पोराने हडपसरला कोणावर चाकू चालवला असता, तर खटला मोठ्यांच्याच न्यायालयात उभा राहिला असता. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२मध्ये मान्य केला. त्याला धरून २०००च्या कायद्याने मुलग्यांचीही मर्यादा १८ केली आणि २००६च्या दुरुस्तीने ३ वर्षांची मुदत पक्की झाली.

मग डिसेंबर २०१२मधले दिल्लीतले सामूहिक बलात्कार आणि खुनाचे प्रकरण. त्या प्रकरणातला एक आरोपी अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होता आणि त्याला ३ वर्षेच मिळाली. त्या संतापातून २०१५चा कायदा आला. १५ जानेवारी २०१६पासून तो लागू आहे. १६ ते १८ वयाच्या मुलाने ‘अघोर’ गुन्हा केला असेल, तर मंडळ आधी त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण तपासते, आणि वाटल्यास त्याला प्रौढ मानून खटला चालवण्यासाठी प्रकरण बाल न्यायालयाकडे (म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवरील न्यायालयाकडे) पाठवते. अघोर म्हणजे ज्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे तो गुन्हा.

सगळी मेख त्या ‘किमान’मध्ये आहे. खून आणि बलात्कार या रेघेच्या वर जातात. पण शस्त्राने जबर दुखापत करण्याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, किमान मात्र काहीच नाही. खुनाचा प्रयत्न, म्हणजे कलम ३०७, तेही तसेच. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेने शस्त्राने केलेल्या जबर दुखापतीला किमान शिक्षा घातली, पण ती १ वर्षाची. अशा गुन्ह्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०२०मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, कमाल शिक्षा कितीही मोठी असली तरी किमान ७ वर्षे नसतील, तर गुन्हा ‘गंभीर’, अघोर नव्हे. २०२१च्या दुरुस्तीने संसदेने तेच कायद्यात लिहून टाकले.

त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलाने कोयत्याने एखाद्याचा हात तोडला आणि जखमी माणूस वाचला, तर प्रौढ म्हणून खटल्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. तोच माणूस दगावला, तर उद्भवतो. मारणाऱ्याचा हेतू दोन्ही वेळी एकच असू शकतो. फरक पडतो तो रुग्णवाहिका ससून रुग्णालयात किती लवकर पोचली याने. मला ही रेघ चुकीच्या जागी ओढलेली वाटते. दिल्लीचा एक गुन्हा डोळ्यांपुढे ठेवून ती ओढली गेली आणि टोळीच्या मारामाऱ्या तिच्या हिशेबातच नव्हत्या. वयाची अट सरसकट १६ करा, हा उपाय मात्र मला पटत नाही. त्याने भुरटी चोरी करणारा पोरगाही मोठ्यांच्या तुरुंगात जाईल.

१९ मे २०२४च्या कल्याणीनगर मोटार अपघाताच्या वेळी अल्पवयीन आरोपीला जामीन देताना मंडळाने घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर हसे झाले. ते प्रकरण मारहाणीचे नव्हे, म्हणून इथे लांबवत नाही. पण त्यातही पोलिसांचा सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढ मानण्याचा अर्ज जुलै २०२५मध्ये मंडळाने फेटाळला. सदोष मनुष्यवधालाही किमान ७ वर्षे नाहीत.

मंडळाच्या हाती उरते ते असे : समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडणे, आणि शेवटी विशेष गृह. यातले काय निवडायचे, हे ठरवताना मोठा आधार असतो परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपास अहवालाचा. शाळा कधी सुटली, बाप काय करतो, पोरगा कोणाच्या मागे फिरतो, हे त्यात यायला हवे. तो अहवाल उरकलेला असेल, तर मंडळ अंधारात चाचपडते.

अठरा ओलांडली की चित्र पालटते. मग संघटित गुन्हेगारीविरोधातला मोक्का आहे, तडीपारी आहे, झोपडपट्टी दादांसाठीच्या १९८१च्या कायद्याखाली स्थानबद्धता आहे. तरीही १९५८चा परिवीक्षा कायदा २१ वर्षांखालच्यांना थोडा आडोसा देतो. गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर कैद का हवी याची कारणे न्यायालयाला लिहावी लागतात. हत्याराने केलेल्या साध्या दुखापतीला हा आडोसा मिळतो, हत्याराने केलेल्या जबर दुखापतीला नाही.

टोळीतल्या मोठ्यांना हे गणित पाठ असते. म्हणून कोयता सतरा वर्षांच्या हातात असतो. २०१५च्या कायद्यात त्यांच्यासाठीही कलम ८३ आहे : मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांचा दंड. कोयत्याच्या बातम्यांत शस्त्र अधिनियमाचे कलम नेमाने वाचायला मिळते, हे कलम मात्र क्वचितच.