उपचारानंतरचे पहिले दोन आठवडे

व्यसनमुक्ती केंद्रातून मुलगा घरी परतला की घरच्यांच्या जिवात जीव येतो. पण तो गर्द, म्हणजे हेरॉइन, घेत असेल तर जिवाला सगळ्यात मोठा धोका असतो तो याच दिवसांत. केंद्राप्रमाणेच तुरुंगातही नशा सहसा तुटते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट निघाला.

असे का होते? हेरॉइन मेंदूतल्या ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या रिसेप्टरना, चिकटते, ते श्वास चालवणाऱ्या भागातही असतात. रोज घेणाऱ्याचे शरीर हळूहळू त्याला सरावते आणि तेवढ्याच नशेसाठी जास्त मात्रा लागू लागते. काही आठवडे बंद राहिले की हा सराव उतरतो. डोक्यात मात्र जुनीच मात्रा पक्की बसलेली असते. ती घेतली की श्वास मंदावतो, कधी थांबतो.

हा सराव जागेशीही बांधलेला असतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना मोठी मात्रा दिली. नेहमीच्या खोलीत सुमारे ३२ टक्के उंदीर मेले, अनोळखी खोलीत ६४ टक्के. मात्रा तीच होती. ओळखीची खोली दिसताच शरीर हेरॉइनच्या परिणामाच्या उलट दिशेने तयारी सुरू करते. अनोळखी जागी ती तयारी होत नाही. आणि ओळखीच्या जागी हेरॉइन मिळालेच नाही, तर हीच तयारी तलफ म्हणून जाणवते. जुना कट्टा, जुने मित्र, गर्द ओढायला वापरलेला चांदीचा कागद दिसताच नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगाला घाम फुटतो, तो यामुळे. त्याला ‘मनाने कच्चा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. जवळपास २० टक्के सैनिकांनी तिथे आपल्याला व्यसन लागल्याचे सांगितले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनात अडकले. यावरून गाव बदलले की सुटका होते असा निष्कर्ष काढू नये. तिकडे हेरॉइन स्वस्त आणि शुद्ध मिळे, इकडे महाग होते. शिवाय युद्धच मागे पडले होते. आपला मुलगा मात्र त्याच गल्लीत परत येतो.

म्हणून पुनर्वसनाचा खरा कस केंद्राबाहेर लागतो. पाठपुराव्याच्या भेटी चुकवू नयेत. डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन दिले असेल तर ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ म्हणत घरच्यांनी ते बंद पाडू नये. हे औषध त्याच ग्राहींवर बसते, तलफ शमवते आणि श्वासावरचा त्याचा परिणाम एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही. ते सुरू असताना मृत्यूचे प्रमाण घटते, हे अनेक देशांत दिसले आहे. त्यासोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणे मात्र घातक ठरू शकते.

एखादा माणूस हाका मारूनही उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, श्वास घोरल्यासारखा किंवा अगदी संथ येत असेल, तर १०८ला फोन करा आणि त्याने काय घेतले ते न लपवता सांगा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा. नालॉक्सोन हे औषध हेरॉइनला ग्राहींवरून हटवते आणि काही मिनिटांत श्वास परत येतो. पण त्याचा असर साधारण तास-दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. तेव्हा शुद्धीवर आला तरी त्याला एकटा सोडू नका, रुग्णालयात न्याच.